गरीब सभासद आणि किफायतशीर संस्था

गांवांत एखादी सहकारी संस्था काढावी असा विषय निघाला कीं बहुधा पहिला आक्षेप असा येतो कीं, आमचे लोक गरीब आहेत, त्यांच्या वर्गणीवर संस्था ती काय उभी राहणार? हा आक्षेप घेणारे गृहस्थ पुष्कळ वेळां स्वतः बऱ्यापैकीं जमीनजुमला बाळगून असतात, व त्यांच्या बोलण्यांत गरिबांविषयीं खरा कळवळाही असतो. तथापि या आक्षेपाच्या पोटीं एक समजूत दडलेली आहे. ती अशी कीं, संस्था चालावयास श्रीमंत सभासद लागतात, आणि गरीब सभासद म्हणजे संस्थेवरचा भार. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा गेल्या शंभर वर्षांचा अनुभव या समजुतीच्या उलट आहे. गरीब मनुष्य वर्गणी देतो, नियमितपणें देतो, आणि त्याच्या वर्गणीवर उभारलेला धंदा नफ्यांतही येतो. मात्र ती वर्गणी किती, केव्हां व कशाच्या मोबदल्यांत घ्यावयाची याचा हिशेब आधीं बसवावा लागतो. तो कसा बसवावा याचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

पुराव्यासाठीं लांब जावयास नको. भिशी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. वीस बायका दरमहा पांचशें रुपये काढतात, दहा हजारांची रक्कम जमते, ती चिठ्ठी टाकून एकीस मिळते, आणि वीस महिन्यांत प्रत्येकीची पाळी येऊन जाते. येथें नोंदणी नाहीं, पोटनियम नाहींत, वसुली अधिकारी नाहीं; आणि तरीही हप्ता चुकत नाहीं. ज्या घरीं सोसायटीच्या कर्जाची बाकी तीन तीन वर्षें थकलेली असते, त्याच घरांतून भिशीचे पांचशें रुपये ठरल्या दिवशीं बिनबोभाट बाहेर पडतात, हें आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिलें आहे. पंढरीच्या वाटेवर दिंडींतले वारकरी जेवणखाणासाठीं भिशी भरतात तेथेंही हाच प्रकार. याचें कारण शोधूं गेल्यास असें दिसतें कीं, भिशीची रक्कम ज्याच्या त्याच्या ऐपतीकडे पाहून आधींच ठरलेली असते. तिचा मोबदला अमुक महिन्यांत अमुक इतका मिळणार हें प्रत्येकीस ठाऊक असतें. आणि पैसे मागणारी व देणारी एकाच आळीतल्या असल्यामुळें हप्ता चुकविण्याची लाज वाटते. भिशीचा दोष एवढाच कीं, तींत पैसा फिरतो पण वाढत नाहीं. शेवटची पाळी झाली कीं मंडळी जेथल्या तेथें, व शिल्लक शून्य. संस्था म्हणजे भिशीच्या गुणांस भांडवलाची जोड देणें होय.

भांडवलाची ही उणीव या जिल्ह्यानें फार पूर्वीं अनुभविली आहे. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुप्यास सावकारांविरुद्ध जो दंगा उसळला तो लागलीच पारनेर, श्रीगोंदें वगैरे आमच्याकडील तालुक्यांत पसरला. शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांतील कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यानंतर १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ दक्षिणेसाठीं स्वतंत्र कायदा झाला. त्या कायद्यानें सावकाराच्या हुकूमनाम्यापासून कुळाचा थोडाबहुत बचाव झाला खरा, परंतु बियाण्यास व बैलास लागणारा रुपया कायद्याच्या कलमांतून निघत नसतो. तो रुपया शेतकऱ्यांनीं आपआपसांत जमवावा, या विचाराचा कायदा १९०४ सालीं आला, व तेथून आपल्याकडे सहकारी पतपेढ्यांचा आरंभ झाला.

यापूर्वीं साठ वर्षें इंग्लंडांत रॉचडेल गांवच्या अठ्ठावीस लोकांनीं, ज्यांत बरेचसे विणकर होते, दर माणशीं एक पौंड जमवून १८४४ च्या डिसेंबरांत एक लहानसें दुकान थाटलें. त्यांच्यापाशीं एक पौंडही एकदम निघणें कठीण होतें. तो त्यांनीं आठवड्याला दोन-तीन पेनीप्रमाणें सांठविला. दुकानांत विकावयास काय, तर पीठ, लोणी, साखर व ओटचें पीठ. पण त्यांनीं एक गोष्ट अशी केली कीं जी पुढें जगभर घेतली गेली: माल बाजारभावानें व रोखीनें विकावयाचा, आणि जो नफा उरेल तो ज्यानें जितका माल घेतला असेल त्या मानानें त्यास परत द्यावयाचा. म्हणजे भाग विकत घेणाऱ्यास जितकें महत्त्व, त्याहून अधिक महत्त्व दुकानाशीं व्यवहार करणाऱ्यास. गरिबांच्या संस्थेचें मर्म येथें आहे. ज्याच्यापाशीं भांडवल घालण्यास पैसा नाहीं त्याच्यापाशीं निदान रोजचा व्यवहार तरी असतो, आणि तो व्यवहार हेंच त्याचें भांडवल.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें व प्रवरेच्या दोन्ही तीरांवरील कालव्यांच्या भागांत ऊंस वाढला. पाणी आलें, पण त्या पाण्याचा नफा कोणाच्या पदरीं पडला हें पाहण्यासारखें आहे. १९३२ सालीं साखरेच्या धंद्यास सरकारनें जकातीचें संरक्षण दिलें व खासगी कारखान्यांस बरे दिवस आले. हरेगांवचा बेलापूर कंपनीचा कारखाना हा अशांपैकीं एक. या कारखान्यांनीं शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडानें घेऊन स्वतःचा ऊंस स्वतःच पिकविला. अर्थात् जमिनीचा मालक खंड घेणारा झाला, ऊंस कंपनीचा, व साखरही कंपनीची. (खंडकऱ्यांच्या त्या जमिनींचें प्रकरण पुढें कित्येक दशकें लांबलें, हें जिल्ह्यांतील वाचकांस सांगावयास नको.) ज्यांनीं जमीन दिली नाहीं ते गूळ करीत, व गुळाचा भाव अडत्याच्या दुकानीं ठरे. मंदींत तो भाव कोसळला म्हणजे पाटाच्या पाण्याची पट्टी देखील भागेना.

अशा परिस्थितींत लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं जें केलें त्याचा इतिहास पुष्कळदां गौरवाच्या भाषेंत सांगितला जातो. गौरव उचितच आहे. १९६१ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. पण आम्हांस येथें त्यांतील कार्यपद्धति पाहावयाची आहे. त्यांनीं एकदम कारखाना काढला नाहीं. १९२३ सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनीं लोणीस एक पतपेढी काढली. पतपेढी म्हणजे थोडे भाग, थोड्या ठेवी, थोडें कर्ज. त्या लहानशा कामांतून दोन गोष्टी साधल्या. लोकांस पैसे भरण्याची व पावती घेण्याची संवय लागली. आणि कोणाचा शब्द कितपत खरा हें एकमेकांस कळलें. कारखान्याचे भाग गोळा करण्यासाठीं विठ्ठलराव गांवोगांव हिंडले तेव्हां पतपेढीच्या वीस-पंचवीस वर्षांच्या कामाची पुण्याई त्यांच्या पाठीशीं होती. शाळेचें शिक्षण बेताचें असलेल्या मनुष्याच्या हातीं शेतकऱ्यानें कारखान्यासारख्या अनोळखी गोष्टीसाठीं पैसे ठेवावे, हें एरवीं घडतें ना. ज्या गांवांत आधीं लहान संस्था नीट चाललेली नाहीं त्या गांवांत एकदम मोठी संस्था काढणाऱ्यांनीं हा क्रम ध्यानांत घ्यावा.

दुसरी गोष्ट भागाच्या मोबदल्याची. प्रवरेचा भाग विकत घेणाऱ्या लहान बागाइतदारास शेंकडा अमुक लाभांश मिळेल असें आमिष दाखविण्याची गरज नव्हती. भाग घेतला म्हणजे आपला ऊंस गाळला जाईल, व एका एकराच्या उंसास जो भाव मिळेल तोच पन्नास एकरांच्या उंसास मिळेल, हा त्याचा खरा मोबदला. त्यास लाभांशाचे चार पैसे नको होते. अडत्यापासून सुटका हवी होती. संस्था काढणारे पुष्कळ लोक येथेंच फसतात. ते सभासदास विचारतात, 'तुम्ही किती पैसे द्याल?' वास्तविक विचारावयाचें असतें तें असें: 'वर्षांत कोणत्या दिवशीं तुमचें सर्वांत अधिक नुकसान होतें, व तें कोण करतो?' ज्या नुकसानीचें उत्तर एकट्यास देतां येत नाहीं पण शंभरांस मिळून देतां येतें, तिच्याच पायीं मनुष्य खिशांतून पैसे काढतो.

तिसरी गोष्ट अध्यक्षपदाची. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक धनंजयराव गाडगीळ यांस कारखान्याचे पहिले अध्यक्ष करण्यांत आलें, आणि वैकुंठभाई मेहता यांच्यासारख्यांचें पाठबळ मिळविण्यांत आलें. गांवकीच्या वाटणींत न पडलेला, हिशेब जाणणारा मनुष्य वर, व सभासदांस घरोघर ओळखणारा मनुष्य त्याच्या शेजारीं, अशी ती जोडी होती. शेतकऱ्यांचें भागभांडवल जमलें तेव्हांच सरकारची मदत व इंडस्ट्रियल फायनॅन्स कॉर्पोरेशनचें कर्ज यांचा मार्ग मोकळा झाला, आणि १९५०-५१ च्या हंगामांत पहिलें गाळप झालें. आधीं गरिबाचा रुपया, मागून सरकारचा, हा क्रम उलटा झाला असता तर तो कारखाना सरकारचाच मानला गेला असता, व सरकारी मालमत्तेची आपल्याकडे जशी निगा राखली जाते तशीच त्याचीही राखली गेली असती.

आतां प्रत्यक्ष हिशेब मांडूं. ऊंसवाल्यांचें सोडून जिराईत भागांतील एक संस्था कल्पूं. बाजरी, तूर, कांदा करणारे, पांच एकरांच्या आंतबाहेर जमीन असलेले तीनशें सभासद, व कामाचा आरंभ बियाणें, खत आणि पेंड एकत्र खरेदी करून सभासदांस देण्याचा. चिटणिसास दरमहा बारा हजार म्हणजे वर्षास १,४४,००० रुपये. गुदामाचें भाडें दरमहा चार हजारप्रमाणें ४८,०००. वीज, कागद, हिशेबतपासणी व जाणेंयेणें मिळून २८,०००. एकूण २,२०,००० रुपये. हा खर्च केवळ वार्षिक वर्गणींतून भागवावयाचा म्हटल्यास दर सभासदामागें ७३३ रुपये पडतात. ते पहिल्या वर्षीं भिडेखातर मिळतील. दुसऱ्या वर्षीं निम्मे मिळतील. तिसऱ्या वर्षीं चिटणीस राजीनामा देईल.

म्हणून खर्च व्यवहारांतून निघाला पाहिजे. समजा, एक घर वर्षाकाठीं वीस हजारांचें खत, बियाणें व पेंड घेतें, आणि संस्थेस त्यांत शेंकडा चार सुटतात. तीनशें घरांनीं सर्व खरेदी संस्थेकडून केली तर साठ लाखांची उलाढाल होऊन २,४०,००० रुपये सुटतील व संस्था नफ्यांत येईल. परंतु सभासद अर्धी खरेदी संस्थेकडून व अर्धी बाजारांतील उधारीच्या दुकानांतून करूं लागला, कीं उलाढाल तीस लाखांवर येते, सुटतात १,२०,०००, आणि एक लाखाची खोट. अशा वेळीं चालक मंडळी काय करतात? सभासद वाढवा, असा ठराव करतात. सभासद दीडपट, म्हणजे साडेचारशें केले, पण तेही निम्मीच खरेदी करणारे निघाले, तर सुटतात १,८०,०००, खोट आहेच. उलटपक्षीं सभासद अडीचशेंच असोत, पण सगळी खरेदी संस्थेकडून करणारे असोत, तर २,००,००० सुटतात. उरलेले वीस हजार भरून काढण्यास दर सभासदामागें वर्षास शंभर रुपये वर्गणी पुरते. तिचे २५,००० होतात व पांच हजार शिल्लक पडते. वाचकांनीं हे आंकडे आपल्या गांवच्या खर्चाप्रमाणें बदलून पाहावे. निष्कर्ष फारसा बदलणार नाहीं. पुष्कळ अर्धवट सभासदांपेक्षां थोडे पुरते सभासद बरे, आणि वर्गणी ही खर्च भागविण्यासाठीं नसून तूट झांकण्यापुरती असावी.

मग सभासद उधारीच्या दुकानाकडे कां जातो? तो अप्रामाणिक आहे म्हणून नव्हे. मृगाच्या तोंडावर त्याच्यापाशीं रोख नसते, दुकानदार माल देऊन दिवाळीपर्यंत थांबतो, व त्या थांबण्याचें व्याज मालाच्या किमतींत दडवितो. गरीब मनुष्याचें उत्पन्न थोडें असतें एवढेंच नव्हे, तर तें वेळीं-अवेळीं येतें. ही दुसरी अडचण पहिलीहून मोठी आहे. वर्गणी ठरवितांना हिचा विचार न करणारी संस्था जून महिन्यांत पैसे मागते आणि लोक देत नाहींत म्हणून कुरकुरते. ज्या दिवशीं सभासदाच्या हातीं पैसा येतो त्याच दिवशीं व त्याच जागीं वर्गणी घेतली पाहिजे. हजार रुपयांचा भाग एकरकमी न मागतां दहा हप्त्यांनीं घ्यावा, व हप्त्याचा महिना कांद्याच्या किंवा तुरीच्या विक्रीस जोडून द्यावा.

या बाबतींत दूधसंस्थांनीं जी सोय साधली आहे तिला तोड नाहीं. दूध रोज जातें, दर दहा किंवा पंधरा दिवसांनीं बिल होतें, आणि बिलांतून कपात होते. दर लिटरमागें दहा पैसे कापले तर आठ लिटर घालणाऱ्याचे रोज ऐंशी पैसे जातात. वर्षाचे २९२ रुपये होतात. हेच २९२ रुपये एकदम मागितले तर घरांत भांडण होईल. मात्र कपातीच्या सोयींत एक विषही आहे, त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें योग्य नाहीं. कापलेला पैसा दिसत नाहीं. आपल्याकडील साखर कारखान्यांनीं उंसाच्या बिलांतून ठेवी म्हणून वर्षानुवर्षें रकमा कापल्या. त्या कोणाच्या नांवें किती जमल्या, त्यांवर व्याज काय पडलें, हें सांगूं शकणारा सभासद गांवांत शोधून काढावा लागेल. विविध कार्यकारी सोसायट्यांत कर्जाच्या प्रमाणांत शेअरची रक्कम कापून घेतात; त्यामुळें सभासद त्या शेअरास आपली मालकी न समजतां कर्जाचा एक खर्च समजतो. मालकीची जाणीव नाहीं तेथें सभेस कोण येणार? कपात करावी, पण प्रत्येक सभासदाच्या हातीं पासबुक द्यावें, आणि वर्षांतून एकदां तरी चावडीवर किंवा देवळांत सर्वांच्या रकमा मोठ्यानें वाचून दाखवाव्या. यास खर्च येत नाहीं.

फुकट सभासदत्व देऊं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्यानें दहा रुपये भरले तो अकरावा रुपया कोठें गेला हें विचारावयास येतो. ज्यानें कांहींच भरलें नाहीं तो केवळ वाटपाच्या दिवशीं येतो. २००२ सालच्या दुरुस्तीनें कंपनी कायद्यांत उत्पादक कंपनीची सोय झाली, व २०२० सालीं केंद्र सरकारनें दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना काढली. तींत सपाट प्रदेशांतील संघटनेस निदान तीनशें सभासदांची अट आहे, व सभासदानें भरलेल्या भागभांडवलाइतकेंच, दर माणशीं दोन हजारांपर्यंत व एकूण पंधरा लाखांपर्यंत, अनुदान देण्याची तरतूद ठेवण्यांत आली. तरतूद शहाणपणाची आहे, कारण ती 'आधीं तुमचा रुपया' असें म्हणते. परंतु अनुदानावर दृष्टि ठेवून चार पुढाऱ्यांनीं तीनशें जणांचे भाग आपल्याच खिशांतून भरले, तर कागदावर तीनशें मालक दिसतील व प्रत्यक्षांत चारच असतील. अशी कंपनी अनुदान संपतांच संपेल.

येथें आणखी एका वर्गाविषयीं बोलणें अवश्य आहे. आपल्या संस्था बहुधा सातबाऱ्यावर उभ्या राहिल्या. ज्याच्या नांवें जमीन तो सभासद. म्हणजे स्त्रिया बहुतेक बाहेर, मजूर बाहेर, कुळाच्या वाटणींत अर्धा एकर आलेला धाकटा भाऊ कसाबसा आंत. या बाहेर ठेवलेल्या लोकांची पत काय आहे तें १९९२ नंतर दिसून आलें. त्या वर्षीं नाबार्डनें बचत गटांस बँकांशीं जोडण्याचा प्रयोग आरंभीं पांचशें गटांपुरता केला. गट दहा ते वीस जणींचा, तारण कांहीं नाहीं, आणि बँकेपुढें पुरावा काय, तर गटाची दरमहाची बचतवही. हिशेब अगदीं साधा आहे. बारा जणी दरमहा शंभर रुपये टाकतात, वर्षाअखेर १४,४०० जमतात. तेच आपआपसांत शेंकडा दोनच्या मासिक व्याजानें फिरतात, व व्याज सावकाराच्या घरीं न जातां गटांतच राहतें. शेंकडा दोन हें व्याज कमी नव्हे, पण तें ज्याचें त्यासच परत येतें. जमीनदार शेतकऱ्यांनीं आपल्या खरेदीविक्री संस्थेंत अशा गटांस सभासद म्हणून घेतलें, तर धान्य निवडणें, कांदा प्रतवारी करणें, डाळ करणें हीं कामें संस्थेच्या छपराखालीं येतील, आणि संस्थेस नुसत्या खत विक्रीच्या चार टक्क्यांवर अवलंबून राहावें लागणार नाहीं. यांत गरिबांवर उपकार कोणाचाच नाहीं.

नफा झाला म्हणजे त्याचें काय करावें याविषयीं १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्थांचा कायदा पुष्कळसें ठरवून देतो. निव्वळ नफ्याचा निदान चतुर्थांश राखीव निधींत जावयाचा. भागावरील लाभांश शेंकडा पंधराहून अधिक द्यावयाचा नाहीं. कोणाही व्यक्तीनें एकूण भागभांडवलाच्या पंचमांशाहून अधिक भाग धारण करावयाचे नाहींत. आणि भाग कितीही असोत, मत एकच. कांहीं पैसेवाले सभासद या बंधनांवर नाराज असतात. त्यांनीं असा विचार करावा कीं, लाभांशावर मर्यादा नसती तर भाग थोड्यांच्या हातीं गेले असते, व्यवहार करणारे गरीब सभासद केवळ गिऱ्हाईक उरले असते, आणि गिऱ्हाईक दुसरें दुकान पाहावयास मोकळें असतें. त्यांच्या व्यवहारावांचून भागवाल्यांस शेंकडा पंधरा तरी कोठून मिळणार? लाभांश देऊन जें उरेल तें खरेदीच्या मानानें परत द्यावें. वर्षास वीस हजारांची खरेदी करणाऱ्यास शेंकडा एकप्रमाणें दोनशें रुपये परत मिळाले तरी त्याची शंभराची वर्गणी वसूल होऊन वर शंभर उरतात. हें दिवाळीच्या आदल्या आठवड्यांत हातीं ठेवलें म्हणजे पुढील वर्षाची वर्गणी मागावयास जावें लागत नाहीं.

संस्था बुडतात कशा, हेंही सांगितलें पाहिजे, कारण या जिल्ह्यांत तो प्रश्न घरोघरचा झाला आहे. १९१० सालीं स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनें ऑक्टोबर २०२३ मध्यें रद्द केला. पुरेसें भांडवल नाहीं व उत्पन्नाची आशा नाहीं, हें कारण दिलें. एकशें तेरा वर्षांची संस्था! बँकेंतील पांच लाखांपर्यंतच्या ठेवीस विम्याचें संरक्षण असतें. परंतु गल्लोगल्लीं ज्या पतसंस्था आहेत त्यांच्या ठेवींस तें नाहीं, आणि हा भेद माहीत नसलेले लोक हजारों आहेत. पतसंस्था बँकेहून दोन-तीन टक्के अधिक व्याज देऊं लागली म्हणजे ठेवीदार खूष होतो. तो असें विचारीत नाहीं कीं, मला इतकें व्याज देऊन वर आपला खर्च भागवावयाचा, तर ती कर्ज कोणास व किती दरानें देते? तितक्या महाग दरानें कर्ज उचलणारा मनुष्य एक तर फार अडलेला असतो, किंवा परत न देण्याच्या बेतानेंच आलेला असतो. शिवाय कांहीं संस्था पुष्कळ लोकांस नाममात्र सभासद करून घेतात. नाममात्र सभासदास मत नसतें. पैसे याचे आणि मत दुसऱ्याचें, अशी ती रचना होते. वर्गणी भरतांना आपण कोणत्या वर्गाचे सभासद होत आहों हें अर्जावर वाचून पाहावें, व वार्षिक सभेंत संचालकांकडे व त्यांच्या नातलगांकडे किती कर्ज येणें आहे हा एक प्रश्न दरवर्षीं न चुकतां विचारावा. प्रश्न विचारणाऱ्यास प्रथम हंसतात. दुसऱ्या वर्षीं उत्तर तयार ठेवतात.

संस्था काढूं इच्छिणाऱ्यांनीं मृगाच्या आधीं निदान सहा महिने कामास लागावें. आरंभीं वीस-पंचवीस घरांची गेल्या वर्षाची खतबियाण्याची खरेदी, कोठून केली, कोणत्या भावानें, रोख कीं उधार, हें कागदावर उतरवून घ्यावें. या एका कागदावरून संस्था चालेल कीं नाहीं तें बरेंचसें कळतें. नंतर भागाची रक्कम, हप्त्यांचे महिने व चिटणिसाचा पगार हे तीन आंकडे सभेंत सर्वांसमक्ष ठरवावे. नोंदणीचा अर्ज तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाच्या कचेरींत द्यावा लागतो. त्यास निदान दहा प्रवर्तक लागतात व ते दहा निरनिराळ्या कुटुंबांतील असावे लागतात. एकाच कुटुंबांतील दोघांचीं नांवें त्या दहांत दोन म्हणून धरलीं जात नाहींत, तेव्हां अर्ज परत येण्याचा प्रसंग टाळण्यासाठीं एक-दोन घरें अधिक घेऊन ठेवावीं.